वेडा ठरवलेल्या कवीचं स्तोत्र: ब्रिटनची ‘रिजॉइस इन द लॅम’ कशी ऐकावी

२१ सप्टेंबर १९४३ रोजी इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन शहरात सेंट मॅथ्यू चर्चचा सुवर्णमहोत्सव होता. महायुद्ध ऐन भरात होतं. त्या दिवशी चर्चच्या गायकवृंदाने ऑर्गनच्या साथीवर एक कोरी करकरीत रचना गायली. देवाची स्तुती करायला तिच्यात बिबट्या आणि अस्वल येतात, मांजर आणि उंदीर येतात, फुलं येतात. मधोमध एक माणूस येतो, ज्याला पहारेकरी काठीने मारतो आणि लोक ‘खुळा, खुळा’ म्हणतात. शब्द अठराव्या शतकातल्या ख्रिस्तोफर स्मार्ट या कवीचे होते. वेडा ठरवून कोंडून ठेवलेला असताना त्याने ते लिहिले होते. संगीत बेंजामिन ब्रिटन यांचं होतं. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. रचनेचं नाव ‘रिजॉइस इन द लॅम’, म्हणजे देवाच्या कोकऱ्याच्या, येशूच्या, ठायी आनंद करा.

ही रचना जेमतेम सोळा-सतरा मिनिटांची आहे, पण तिच्यात शिरायला पाश्चात्त्य चर्चसंगीताची थोडी ओळख लागते, कवीची कहाणी लागते आणि ऑर्गन नावाचं अवाढव्य वाद्य कसं चालतं याचा अंदाज लागतो. तो घेऊन ऐकलं की ती किती धीट आहे हे कळतं. बहुतेक ठिकाणी तिचा उल्लेख मांजराच्या गोड गाण्यासाठी होतो. ते गाणं गोड आहेच. मला मात्र ठामपणे वाटतं की या रचनेचा जीव मांजरात नाही, सातव्या भागातल्या त्या मार खाणाऱ्या माणसात आहे, आणि आधीचं-नंतरचं सगळं त्याच्यामुळेच अर्थपूर्ण होतं.

धर्मगुरूची मागणी

वॉल्टर हसी हे सेंट मॅथ्यूचे धर्मगुरू. चर्च १८९३ साली उभं राहिलं, तिथले पहिले धर्मगुरू त्यांचे वडील होते, आणि १९३७ मध्ये ती जबाबदारी हसींकडे आली. एकेकाळी युरोपातले उत्तमोत्तम चित्रकार, शिल्पकार, संगीतकार चर्चसाठी काम करत. तो धागा तुटलाय आणि तो पुन्हा जोडायला हवा, हा हसींचा ध्यास होता. त्यासाठी त्यांच्याकडे मोठा निधी नव्हता, मोठं पद नव्हतं. होतं ते एका मध्यम शहरातलं चर्च आणि पत्रं लिहिण्याची चिकाटी. पन्नासाव्या वर्षासाठी त्यांनी ब्रिटनकडे नवी रचना मागितली.

ब्रिटन त्याआधीच्याच वर्षी अमेरिकेहून परतले होते. १९३९ च्या वसंतात ते गायक पीटर पिअर्स यांच्याबरोबर तिकडे गेले आणि युद्ध चालू असताना, १९४२ मध्ये, समुद्रमार्गे घरी आले. ते शांततावादी होते. शस्त्र उचलणं आपल्या विवेकाला पटत नाही, असं त्यांनी अधिकृत मंडळापुढे सांगितलं आणि त्यांना लष्करी सेवेतून सूट मिळाली. देश लढत असताना न लढणाऱ्या धडधाकट तरुणाकडे लोक कसे बघत असतील, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. याच सोहळ्यासाठी मायकेल टिपेट यांनी पितळी वाद्यांची एक छोटी फॅनफेअर, म्हणजे सोहळ्याची सलामी, लिहिली होती. टिपेटही शांततावादी. सूट देताना घातलेल्या अटी त्यांनी मानल्या नाहीत म्हणून त्या उन्हाळ्यात ते लंडनच्या वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात होते, आणि उत्सवाच्या महिनाभर आधीच सुटले होते. एका मध्यम शहरातल्या चर्चच्या उत्सवाला हे दोन संगीतकार बोलावणं, तेही युद्धाच्या चौथ्या वर्षी, यात हसींचं धैर्य दिसतं.

कोंडलेल्या खोलीतला कवी

ख्रिस्तोफर स्मार्टचा जन्म १७२२ चा. केंब्रिजमध्ये त्याची विद्वान म्हणून ख्याती होती. परमेश्वराच्या गुणांवरच्या उत्तम कवितेसाठी तिथे सीटनियन पारितोषिक देत. ते स्मार्टने पाच वेळा मिळवलं. पुढे तो लंडनला गेला आणि नियतकालिकांत लिहून पोट भरू लागला. कर्जात बुडालेलाच असायचा. मग त्याच्या भक्तीने वेगळं वळण घेतलं. सतत प्रार्थना करा, ही बायबलमधली आज्ञा तो शब्दशः पाळू लागला. मनात येईल तिथे, भर रस्त्यात किंवा बागेत, तो गुडघे टेकायचा आणि आजूबाजूच्या लोकांनाही बरोबर प्रार्थना करायला लावायचा. सेंट जेम्स पार्कमध्ये आपण देवाचा असा जयघोष केला की सगळी मंडळी पळून गेली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

१७५७ मध्ये त्याला सेंट ल्यूक या वेड्यांच्या इस्पितळात दाखल केलं गेलं. वर्षभराने ‘बरा झाला नाही’ असा शेरा मारून तिथून सोडलं. त्यानंतर तो बेथनल ग्रीनच्या एका खाजगी वेडगृहात होता आणि १७६३ च्या सुरुवातीला बाहेर आला. त्याचा आजार नेमका काय होता याचं निदान आज दूर बसून करण्यात मला अर्थ वाटत नाही. त्याच्या ओळखीच्या लोकांमध्ये डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन होते, इंग्रजी शब्दकोशकार. त्यांचं मत चरित्रकार बॉसवेलने नोंदवून ठेवलंय. स्मार्टला कोंडायला नको होतं, त्याच्यामुळे समाजाला काही धोका नव्हता, तो लोकांना आपल्याबरोबर प्रार्थना करायला सांगायचा एवढंच, आणि मला तर किट (म्हणजे ख्रिस्तोफर) स्मार्टबरोबर प्रार्थना करायला इतर कुणाहीइतकंच आवडेल, असं जॉन्सन म्हणाले. त्याला स्वच्छ कपड्यांची आवड नाही हाही एक आरोप होता. त्यावर जॉन्सनचं म्हणणं, मलाही फारशी नाही.

कोंडलेल्या त्या वर्षांत स्मार्ट ‘जुबिलाटे आग्नो’ नावाचं एक प्रचंड काव्य लिहीत होता. लॅटिन नावाचा अर्थ तोच, कोकऱ्याच्या ठायी आनंद करा. सोबतीला जेफ्री नावाचं मांजर होतं. ओळी दोन तऱ्हेच्या. एका तऱ्हेत बायबलमधली किंवा इतर कुठलीतरी व्यक्ती एखाद्या प्राण्यासोबत देवापुढे बोलावली जाते: अमक्याने वाघ घेऊन यावं आणि स्तुती करावी, तमक्याने गाढव घेऊन यावं. दुसऱ्या तऱ्हेतल्या ओळी ‘कारण’ या शब्दाने सुरू होतात आणि त्यांत स्मार्टचं स्वतःचं आयुष्य, निरीक्षणं, भीती, शब्दांचे खेळ, सगळं येतं. तो सुटला, तरी हे काव्य काही छापलं गेलं नाही. १७७१ मध्ये तो कर्जदारांच्या तुरुंगात वारला. हस्तलिखित पावणेदोनशे वर्षं पडून राहिलं. विल्यम फोर्स स्टेड यांनी ते १९३९ मध्ये प्रसिद्ध केलं. ब्रिटनला ते कवी ऑडन यांच्यामुळे कळलं. म्हणजे नॉर्थॅम्प्टनच्या गायकांनी १९४३ मध्ये जे शब्द गायले, ते जगापुढे येऊन चारच वर्षं झाली होती.

पुढे विल्यम बाँड या अभ्यासकाने हस्तलिखिताची पानं तपासून दाखवून दिलं की निदान काही भागात या दोन तऱ्हेच्या ओळी जोडीने लिहिल्या होत्या: एकाने बोलवायचं, दुसऱ्याने ‘कारण’ म्हणत उत्तर द्यायचं, जुन्या हिब्रू स्तोत्रांच्या धर्तीवर. त्यांची आवृत्ती १९५४ ची. ब्रिटनला हे माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांच्यासमोरच्या छापील पुस्तकात या ओळी जोडीने नव्हत्या. त्यांनी निवड करताना आधी बोलावणी घेतली, मग कारणं, आणि त्यातून रचनेला सुंदर चाल मिळाली. आधी सगळ्या जगाला हाक, मग हळूहळू आत, एका माणसाच्या खोलीकडे, त्याच्या मांजराकडे, त्याच्या दुःखाकडे.

हा ऑर्गन वेगळा

मराठी कानांना ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. नाट्यपदांच्या साथीचा तो ऑर्गन पायाने भाता मारून चालवायचा, आणि त्याचा आवाज पेटीसारखाच धातूच्या पातळ पट्ट्या कंप पावल्याने येतो. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्ये आवाज येतो नळ्यांतून. शेकडो, कधी हजारो नळ्या, काही लाकडी, काही धातूच्या, आणि प्रत्येक नळी एकच सूर देते. वादकाने पट्टी दाबली की दाबाखालची हवा त्या सुराच्या नळीत शिरते. नळी जितकी लांब तितका सूर खालचा. सर्वसाधारण संचातली सगळ्यात खालच्या षड्जाची, म्हणजे पाश्चात्त्य ‘सी’ची नळी साधारण आठ फूट असते, म्हणून त्या संचाला आठ फुटी म्हणतात. सोळा फुटी संच त्याच्या एक सप्तक खाली वाजतो, चार फुटी एक सप्तक वर. हे संच स्टॉप नावाच्या खुंट्यांनी चालू-बंद करतात. हातांसाठी दोन-तीन किंवा जास्त पट्ट्यांच्या ओळी असतात, आणि पायांसाठी वेगळी, जिच्यावर सगळ्यात खालचे सूर वाजतात. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये असा नळ्यांचा ऑर्गन आहे.

या वाद्याचे दोन स्वभाव ब्रिटनने पुरेपूर वापरलेत. पहिला, बोट दाबून ठेवलं की सूर संपतच नाही. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरू लागतो, गाणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. ऑर्गन तसाच्या तसा उभा राहतो. दुसरा, बोट जोरात मारा की हळू, आवाज तितकाच येतो. आवाज वाढवायचा तर आणखी स्टॉप उघडावे लागतात, म्हणजे वाढ पायरीपायरीने येते. नाहीतर काही नळ्या लाकडी कोठीत असतात, तिच्या झडपा पायाने उघडायच्या, बंद खोलीतलं बोलणं खिडकी उघडल्यावर मोठं ऐकू यावं तसं. वादक एकटा असतो, पण त्याच्या हाताखाली कुजबुजीपासून भिंती थरथरवणाऱ्या गर्जनेपर्यंत सगळं असतं.

आणि गायकवृंद? चार थर: वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. इंग्लंडच्या चर्चमध्ये वरचे सूर पूर्वापार मुलगे गात आले, आवाज फुटायच्या आधीचे. त्या आवाजाला ट्रेबल म्हणतात. तो स्वच्छ, सरळ असतो, त्यात कंप जवळपास नसतो. ब्रिटनने या चार थरांतून एकेक एकल गायकही काढले आहेत. बाहेरून कुणी प्रसिद्ध गायक आणावा लागू नये आणि एका चर्चच्या गायकांना तालमी करून हे जमावं, असा बेत त्यात दिसतो. तरीही त्यांनी ते सोपं करून ठेवलेलं नाही.

भागांतून जाताना

रचनेचे दहा भाग आहेत, न थांबता एकामागून एक येणारे. सगळे मी सारख्या तपशिलाने सांगणार नाही.

सुरुवात अगदी हळू. ऑर्गनवर खालचा एक सूर धरलेला, आणि सगळा गायकवृंद एकाच स्वरावर, जवळजवळ पुटपुटल्यासारखा म्हणतो: सगळ्या जिव्हांनो, देवाच्या ठायी आनंद करा. सगळी राष्ट्रं, सगळ्या भाषा, ज्याच्यात श्वास आहे तो प्रत्येक जीव. इतकं भव्य आवाहन आणि इतका बारीक आवाज. दुसऱ्या एखाद्या संगीतकाराने इथे कर्णे वाजवले असते. ब्रिटन गर्दी जमायच्या आधीची शांतता दाखवतात.

मग मिरवणूक सुटते. शिकारी निम्रोद बिबट्याला वेदीशी बांधतो, इश्माएल वाघ आणतो, बलाम गाढव, दानीएल सिंह. बायबल वाचलेल्याला दानीएल आणि सिंह ही जोडी ओळखीची वाटेल, बलामचं बोलणारं गाढवही. बाकीच्यांचं नातं स्मार्टलाच ठाऊक. या भागाचा ताल फार मजेचा आहे. मात्रांचं माप ठरलेलं राहत नाही, सहाचं, सातचं, नऊचं असं बदलत जातं, आणि सगळं वेगात. आपल्याकडे रूपकाच्या सात मात्रा ओळखीच्या आहेत, पण तिथे आवर्तन परत परत तेच येतं. इथे सात मोजायला लागावं तर पुढचं माप वेगळंच. त्यामुळे धावण्यात एक उसळी येते, प्रत्येक प्राण्याची चाल निराळी असल्यासारखी. शब्दांचा स्वाभाविक आघात जिथे पडतो तिथे ब्रिटन माप मोडतात, वाक्याला तालात कोंबत नाहीत. याकीम सॅटरसह (अर्धा माणूस, अर्धा बोकड असा पुराणकथेतला प्राणी) नाचत स्तुती करतो तिथे ‘नाच’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि दावीद अस्वल घेऊन येतो तिथे हे सगळं शिगेला पोचतं.

त्यावर एकदम शांत हालेलूया, म्हणजे ‘देवाची स्तुती करा’ हा घोष. लांब-आखूड, लांब-आखूड अशा डुलत्या लयीत, अदबीने. सतराव्या शतकातले इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल यांच्यावर ब्रिटनचा फार जीव होता, आणि इथे त्यांची सावली स्पष्ट दिसते. हा हालेलूया लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

चौथा भाग जेफ्रीचा. मुलाचा एकटा आवाज गातो: मी माझ्या जेफ्री मांजराचा विचार करेन, कारण तो जिवंत देवाचा सेवक आहे, रोज नेमाने सेवा करणारा. पूर्वेला देवाच्या तेजाची पहिली झलक दिसताच तो आपल्या पद्धतीने पूजा करतो, अंगाची सात वेटोळी घेत, चपळाईने आणि डौलाने. आवाज सरळ, गंभीर, बालसुलभ श्रद्धेने चाललेला. खाली ऑर्गनची ओळ मात्र मांजरासारखी अंग ताणत, वळत, मुरडत जाते. गमतीदार आहे, पण टवाळी अजिबात नाही. स्मार्टने मांजराकडे खरोखर इतकं लक्ष देऊन पाहिलं होतं, आणि ब्रिटनने ते लक्ष तसंच्या तसं जपलंय. माणसांनी टाकलेल्या माणसाला पूजेत साथ देणारा एवढाच जीव उरला होता, हे आठवून ऐका.

उंदराचा भाग आल्टोचा. मांजराने उंदरीण पकडली तर नर उंदीर पळत नाही. तो मांजरापुढे उभा राहून आव्हान देतो की हिला सोड, मी तुझ्याशी लढतो. ऑर्गनवर वरच्या सुरांत तुरुतुरु धावपळ चालते. नुकतंच जे मांजर संत होतं ते इथे बलाढ्य शत्रू झालंय, आणि स्मार्टला दोघांबद्दल तितकंच प्रेम आहे. त्यानंतर टेनर फुलांबद्दल गातो, संथ, वाहत्या चालीत: फुलं म्हणजे मोठे आशीर्वाद, फुलांना त्यांचे देवदूत असतात, फुलांची भाषा असते. तीन एकल गाणी, तिन्ही कोवळी. ऐकणारा निश्चिंत होतो.

आणि मग सातवा भाग.

संपूर्ण गायकवृंद, जड पावलांनी: कारण माझ्या तारणाऱ्यावर होता तोच आरोप माझ्यावर आहे. कारण ते म्हणाले, याचं डोकं ठिकाणावर नाही. हे बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातलं आहे, तिसऱ्या अध्यायातलं. येशूचे आप्तच त्याला आवरायला निघाले होते, कारण त्याला वेड लागलंय असं लोकांचं म्हणणं होतं. कोंडलेल्या स्मार्टला ही ओळ सापडली तेव्हा तिचा किती आधार वाटला असेल. पुढे तो म्हणतो, शिपाई माझ्या विरोधात आहेत आणि पहारेकरी मला काठीने मारतो.

इथे ऑर्गन काय करतो ते नीट ऐका. चार सुरांची एक छोटी आकृती आहे, एकमेकांना खेटून असलेल्या सुरांची, पिळवटलेली. ती पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने. वर सांगितलं तसं, ऑर्गनचा आवाज पायरीने वाढतो, आणि ती पायरी इथे एकेक पाऊल जवळ येणाऱ्या माणसासारखी भासते. काठीच्या ओळीशी ती पूर्ण जोरात आदळते. त्यानंतर हेच चार सूर गायकांच्या तोंडी येतात, शब्द असतात ‘खुळा, खुळा’. योगायोगाची गोष्ट म्हणजे रशियन संगीतकार शोस्ताकोविच यांनी पुढे आपल्या नावाची आद्याक्षरं सुरांत गुंफून जी सही केली, तिची ठेवणही अशीच आहे. दोघांची भेट व्हायला मात्र १९६० उजाडलं.

या भागात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. ‘मी’ म्हणणारा माणूस एकटा आहे. मांजर, उंदीर, फुलं यांना एकेकटे गायक दिले. मग या एकाकी माणसाचं दुःख एकट्या टेनरला देणं किती सोपं होतं, ऐकणाऱ्याला लगेच कणव आली असती. ब्रिटनने ते सगळ्या गायकवृंदाला दिलं. ज्या चर्चच्या आणि समाजाच्या नावाने अशी माणसं कोंडली जातात, त्याच चर्चचे मुलगे आणि पुरुष एका सुरात म्हणतात की आरोप माझ्यावर आहे, मार मला बसतो. ‘खुळा’ हा टोमणाही तेच गातात. म्हणजे मारणारे आणि मार खाणारे दोन्ही तेच आवाज. गर्दी आणि गर्दीने बाजूला काढलेला माणूस हा विषय ब्रिटनने दोन वर्षांनी ‘पीटर ग्राइम्स’ या ऑपेरात मोठ्या पटावर मांडला, आणि त्याने ते जगप्रसिद्ध झाले. तिथे गावाची गर्दी शेवटपर्यंत त्या माणसाच्या विरुद्ध राहते. इथे, संशयाच्या नजरा सरल्यावर नव्हे तर त्यांच्या ऐन मध्यावर, ब्रिटनने गर्दीला त्या माणसाच्या जागी उभं केलं. भाग संपताना आशेची ओळ येते: मी बारा संकटांत आहे, पण कुमारीपोटी जन्मलेला मला त्यांतून सोडवेल.

आठव्यात बास एकटा, अक्षरांची वर्णमाला घेऊन: एल म्हणजे प्रेम, म्हणून तो देव, एम म्हणजे संगीत, म्हणून तो देव. नववा भाग वाद्यांचा. स्मार्टच्या मते प्रत्येक वाद्याचे आपले यमकाचे शब्द असतात. वीणेचे निराळे, झांजेचे निराळे, बासरीचे, कर्ण्याचे निराळे. गायक ते शब्द उच्चारतात आणि ते ते वाद्य जणू तोंडातूनच वाजतं. अर्थाने पाहिलं तर ही नुसती यादी, पण गायली जाते तेव्हा वेडाच्या कडेवरची भाषा सरळ संगीत होऊन जाते. वाद्यांमागून वाद्यं येतात, सगळं चढत जातं, आणि देव स्वतः अफाट मोठी वीणा वाजवतो तिथे कळस होतो. मग आवाज ओसरतो. त्या वेळी द्वेष थांबतो, सैतानही शांत होतात, आणि माणसाला ही वेळ मनाच्या एका विलक्षण निश्चलतेने कळते, असं स्मार्ट म्हणतो.

त्यावर तोच डुलता हालेलूया परत. सूर तेच, शब्द तेच. पहिल्यांदा तो प्राण्यांच्या मिरवणुकीनंतर आला होता, छान वाटला होता. आता तो काठीच्या तडाख्यांनंतर येतो.

पुढे काय झालं

हसी थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, त्यांनी हेन्री मूर यांच्याकडून घडवून घेतलेलं मरिया आणि बाळाचं दगडी शिल्प त्याच चर्चमध्ये बसलं. १९४६ मध्ये ग्रॅहम सदरलंड यांचं क्रुसावरच्या येशूचं चित्र आलं, आणि जेराल्ड फिन्झी यांनी गायकवृंद आणि ऑर्गनसाठी ‘लो, द फुल फायनल सॅक्रिफाइस’ लिहिलं. पुढे हसी चिचेस्टर कॅथीड्रलचे डीन, म्हणजे तिथले मुख्य धर्मगुरू, झाले. लेनर्ड बर्नस्टाइन यांची १९६५ ची ‘चिचेस्टर साम्स’ ही हिब्रू स्तोत्रांची रचना त्यांच्याच मागणीवरून झाली.

‘रिजॉइस इन द लॅम’ची साथ संगीतकार इमोजेन होल्स्ट यांनी १९५२ मध्ये छोट्या वाद्यवृंदासाठी बसवली. ती ऐकायला रंगीत आहे. तरी पहिल्यांदा ऐकणाऱ्याने ऑर्गनचीच आवृत्ती घ्यावी असं मी सांगेन, कारण सातव्या भागातली ती पायरीपायरीची चढण आणि त्यातला निष्ठुरपणा ऑर्गनवरच खरा उतरतो. ब्रिटन यांनी स्वतः पर्सेल सिंगर्स या गायकवृंदाला घेऊन केलेलं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, त्यात ऑर्गनवर जॉर्ज माल्कम आहेत. दुसरं एखादं निवडायचं झालं तर जेफ्रीचा भाग मुलगा गातोय का ते बघा. स्त्री-गायिकाही तो सुरेख गातात, पण मुलाच्या आवाजात जो कोरा, निःशंक विश्वास असतो तो या शब्दांना हवा असतो. आणि शब्द समोर ठेवा. इंग्रजी अठराव्या शतकातलं असलं तरी वाक्यं आखूड आहेत, हरवायला होत नाही.